मुंबई ते नागपूर विमानाने अंतर किती, आणि खरा वेळ किती लागतो?

तुम्हाला 685, 701 आणि 837 किमी असे तीन आकडे सापडले आणि त्यातला खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही खरे आहेत. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण 685. समृद्धी महामार्गाची लांबी 701, पण तो भिवंडीजवळ आमणे गावापाशी सुरू होतो, मुंबईतून तिथवर जायचं ते वेगळं. रेल्वेचं 837, कारण गाडी मनमाडहून वर जळगाव-भुसावळकडे जाते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला येते. नकाशावर मुंबई-नागपूर सरळ रेघ ओढून बघा, ती छत्रपती संभाजीनगरच्या डोक्यावरून जाते. समृद्धीही त्याच बाजूने जाते, म्हणून तिचा आकडा हवाई अंतराच्या इतका जवळ आहे.

आता वेळ. तिकिटावर साधारण दीड तास असतो, हवेत विमान तास-सव्वा तासच असतं. उरलेला वेळ कंपनीने उगाच फुगवलेला नसतो. तिकिटावरची वेळ मोजतात ती चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते उतरल्यावर पुन्हा लावेपर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. निघताना विमान रांगेत उभं राहतं आणि येताना कधीकधी घिरट्या घालतं. माझं सासर नागपूरचं. मुंबईत उतरताना उशीर होतो, तसा सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरताना मी फारसा पाहिलेला नाही.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा उपयोग पूर्वीही करून घेतला होता. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत पोचायची. मला हे फार आवडतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर तुम्ही राहता कल्याणला आणि सोबत गुडघे दुखणारे वडील. घरातून विमानतळ दीड-दोन तास, तिथे दोन तास आधी, मग उड्डाण, सामान आणि नागपुरातली रिक्षा धरून सहा तास तरी पकडाच. कल्याणहून आमणे अगदी जवळ, तिथून गाडीने आठेक तास. म्हणजे फरक दोन-तीन तासांचाच. तरीही मी विमानच सांगेन, कारण आठ तास गुडघे मुडपून बसणं त्यांना जड जाईल. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ऐनवेळी मागितली तर ताटकळावं लागतं. रात्री झोपून जायला त्यांची हरकत नसेल तर दुरांतोचा खालचा बर्थही चांगला पर्याय आहे, मात्र तो लवकर भरतो.

डिसेंबरात जाणार असाल तर तिकीट आत्ताच काढा, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत भाडं भडकतं. आणि तिकिटावर टर्मिनल नीट बघा. टी1 सांताक्रूझ-पार्ल्याकडे, टी2 सहारला, एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका.