मातीत एक रेघ ओढली म्हणून थेट बाहेर?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा सोफोमोर आहे, म्हणजे आपली दहावी, आणि शाळेच्या जेव्ही (ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीच्या) बेसबॉल टीममध्ये खेळतो. मागच्या मॅचला तिसऱ्या स्ट्राइकवर आउट झाला, बॉल स्ट्राइकच्या हद्दीबाहेरून गेला असं त्याला वाटलं आणि परत फिरताना त्यानं बॅटच्या टोकानं प्लेटच्या (बॅटरपुढच्या पांढऱ्या पाटीच्या) पलीकडे मातीत एक रेघ ओढली. तोंडातून शब्द काढला नाही हो. अंपायरनं तिथल्या तिथं गेममधून काढलं, आणि आता पुढच्या दोन मॅचेस पण बसायचं म्हणतात. शिवी नाही, बॅट आपटली नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. हे अति नाही का? ह्यांचं म्हणणं आहे शाळेकडे लेखी तक्रार करायची. काय करावं?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचा जीव तुटतोय हे कळतंय, पण मी त्या प्लेटच्या मागे उभा असतो तर मीही त्याला काढलं असतं. का ते नीट सांगतो, कारण घरी हे कुणी समजावत नाही आणि मुलाला वाटत राहतं की आपल्यावर अन्याय झाला.

बॅटर आउट झाल्यावर डगआउटकडे (टीमच्या बसायच्या जागेकडे) चालता चालता, मान न वळवता, "सर, मला तो बाहेर वाटला" एवढं म्हणाला तर आम्ही अंपायर बहुतेक काहीही करत नाही, फार तर "हं" म्हणतो. ते दोघांतलं बोलणं आहे, पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) ऐकू जात नाही, स्टँडमधल्या कुणाला कळत नाही. रेघ ओढली की ते दोघांतलं राहत नाही. बॉल इथून गेला, हा माणूस चुकला, हे दोन्ही डगआउट्सना आणि शंभर पालकांना दाखवून झालं, आणि ती रेघ तिथंच राहते, पुढचा बॅटर तिच्याकडे बघतो, त्याचा कोच बघतो, मग पुढच्या प्रत्येक पिचला (टाकलेल्या बॉलला) ओरडा सुरू होतो. शिवी एकदा हवेत विरते पण ही खूण विरत नाही, म्हणून अंपायर मंडळी तिला शिवीच्या बरोबरीनं धरतात.

नियमाचं म्हणाल तर तुमच्या राज्यात, आणि बहुतेक राज्यांत, नॅशनल फेडरेशनचं म्हणजे एनएफएचएसचं (हायस्कूल खेळांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं) रूलबुक चालतं. त्यातल्या तिसऱ्या नियमात बेंच आणि मैदानावरच्या वागणुकीची लांबलचक यादी आहे : बॅट किंवा हेल्मेट मुद्दाम फेकणं, समोरच्याला डिवचणं, घाणेरडं बोलणं, प्रेक्षकांना भडकवणं, जजमेंट कॉलवर (अंपायरच्या नजरेवर सोडलेल्या निर्णयावर) वाद घालायला जागा सोडून येणं, आणि खिलाडूपणाला धरून नसलेलं बाकी सगळं. अपराध किरकोळ असेल तर वॉर्निंग, मोठा असेल तर सरळ बाहेर, आणि किरकोळ की मोठा हे ठरवायचा अधिकार अंपायरचा. "आधी वॉर्निंग दिलीच पाहिजे" असं सरसकट नाही. बॉल (हद्दीबाहेरची पिच) की स्ट्राइक हा तर शंभर टक्के जजमेंट कॉल, त्यावर दाद मागायची सोयच नाही.

आपल्या घरात क्रिकेट बघून वाढलेल्यांना हे जास्त टोचतं, त्याचं कारण आहे. एमसीसीनं (क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबनं) २०१७ पासून क्रिकेटच्या नियमांत खेळाडूंच्या वागणुकीसाठी बेचाळीसावा नियम आणला, त्यात चार पायऱ्या आहेत. अंपायरच्या निर्णयावर शब्दानं किंवा कृतीनं नाराजी दाखवणं ही पहिली पायरी, तिथं आधी वॉर्निंग आणि पुन्हा केलं तर समोरच्या टीमला ५ रन. काही ओव्हर्स किंवा पूर्ण मॅच बाहेर बसवणं तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतं. म्हणजे क्रिकेटमध्ये भुर्दंड आधी टीमला पडतो. हायस्कूल बेसबॉलमध्ये वागणुकीसाठी रन द्यायची पद्धत नाही, ज्यानं केलं त्यानं भरायचं. मला स्वतःला हे जास्त पटतं, सोळा वर्षांच्या पोरासाठी बाकीच्या आठ जणांनी का भोगावं?

आणि हे पण लक्षात घ्या की त्याला मैदानाबाहेर हाकललेलं नसणार, डगआउटमध्येच बसवलं असणार. कोचला काढलं तर त्याला मैदानाच्या आसपासही थांबता येत नाही आणि टीमशी कसलाही संपर्क ठेवता येत नाही. खेळाडू पडला अल्पवयीन, त्याला पार्किंगमध्ये एकटं सोडायचं नसतं. दोन मॅचेसची शिक्षा अंपायर देत नाही, ती राज्याच्या असोसिएशनची असते. न्यू जर्सीत बेसबॉलला दोन मॅचेस आहेत, कित्येक राज्यांत एक.

तक्रारीचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, करू नका. अंपायरनं मुलाला अपमानकारक काही बोललं असेल, अंगाला हात लावला असेल, तर जरूर करा, शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरकडे जा, मी तुमच्या बाजूनं आहे. पण रेघ ओढली हे तो स्वतः मान्य करतोय. तुम्ही पत्र लिहिलंत की त्याला एवढंच समजेल की आपण काहीही केलं तरी आईबाबा निस्तरतात. त्यापेक्षा त्या दोन मॅचेसना त्याला युनिफॉर्मशिवाय का होईना टीमसोबत जाऊ देतात का ते कोचला विचारा, आणि विचारायचं तेही त्यालाच विचारू द्या.

प्रश्न : आमच्या मुलाच्या मॅचला एक गृहस्थ कायम बॅकस्टॉपच्या (प्लेटमागच्या) जाळीला चिकटून उभे असतात आणि पहिल्या पिचपासून अंपायरला बोलत सुटतात. आम्हाला लाज वाटते. अंपायरला सगळं ऐकू येत असणार, तरी तो ढिम्म! त्याला अधिकार नाही का?
— एक बाबा, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : अधिकार आहे, पण आम्ही तो स्वतः जाळीशी जाऊन वापरत नाही. अंपायर प्रेक्षकाशी बोलायला लागला की त्या माणसाला हवं ते मिळतं, सगळ्यांचं लक्ष. म्हणून "काय वाईट बॉल होता" टाइपचं ऐकून सोडून द्यायचं असतं. वैयक्तिक झालं, मुलांना उद्देशून झालं, जातीवंशावरून काही आलं किंवा धमकी आली, तर टाइम घेऊन यजमान शाळेच्या माणसाला बोलवायचं, त्याला बाहेर काढायला सांगायचं, आणि तो गेटबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू करायचा नाही. प्रेक्षक आवरणं हे यजमान शाळेचं काम. अगदीच हाताबाहेर गेलं तर मुख्य अंपायर मॅच फोरफिट करू शकतो (म्हणजे दोषी टीम हरली असं जाहीर करू शकतो), तिचा स्कोअर ७-० असा लागतो, पण तिथवर सहसा कुणी जात नाही.

तुम्हाला लाज वाटते ना, मग तुमच्याकडे आमच्यापेक्षा मोठं हत्यार आहे. इनिंग संपली की त्यांच्याजवळ जाऊन "चला, कॉफी घेऊ" म्हणा आणि जाळीपासून लांब न्या. खरंच सांगतो, आम्हाला याहून मोठी मदत नाही.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय कारण माणसंच उरलेली नाहीत. २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत देशभरात सगळ्या खेळांचे मिळून साधारण ५०,००० हायस्कूल ऑफिशियल्स सोडून गेले असं एनएफएचएसनंच सांगितलंय. कोविड हे एक कारण, पण स्टँडमधली भाषा हे दुसरं. तुमच्या शेजारच्या न्यू जर्सीत डेप्टफर्डच्या लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) अंपायर सोडून जायला लागले तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी नियमच केला, की जो पालक अंपायरशी भांडेल त्यानं आधी तीन मॅचेस स्वतः अंपायरिंग करायचं, मगच बघायला यायचं. मला तो नियम फार आवडला. प्लेटमागे उभं राहून कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) बघितल्याशिवाय कळत नाही, की जाळीमागून जो बॉल "साफ बाहेर" दिसतो तो प्लेटवर कुठं होता.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, यंदा पहिल्यांदा फ्रेशमन (नववीच्या) आणि जेव्ही मॅचेसना अंपायरिंग करतोय. मुलं ठीक आहेत, कोचेस घाबरवतात. किती ऐकून घ्यायचं?
— नवा अंपायर, ओहायो

उत्तर : अरे वा, आधी अभिनंदन! प्रश्न विचारणाऱ्या कोचचं ऐकून घे, शेरे मारणाऱ्याचं नाही. "मी काय मिस केलं?" असं विचारत चालत आला तर शांतपणे उत्तर दे. डगआउटमधून बॉल-स्ट्राइकवर टोमणे आले तर हात आडवा करून "कोच, बास" म्हण, आवाज न चढवता. तरी चालूच राहिलं तर लेखी वॉर्निंग, लाइनअप कार्डावर (खेळाडूंच्या यादीवर) इनिंगसकट लिहायची, त्याला दिसेल अशी लिही. त्यानंतर डगआउटमध्ये बसवायचं, मग त्याला फक्त जखमी किंवा आजारी खेळाडूसाठीच बाहेर येता येतं. शेवटी इजेक्शन, म्हणजे गेममधून बाहेर. मोठा अपराध असेल तर मधल्या पायऱ्या गाळता येतात, पण शिवी, धक्का किंवा धमकी नसेल तर तू गाळू नकोस. पायरीनं चढलास की कोचला पण माहीत असतं पुढं काय येणार, आणि बरेच जण तिथंच थांबतात.

पोरांसाठी ब्रश वापर. कॅचर (प्लेटमागे बॉल झेलणारा) कुरकुर करायला लागला की टाइम घे, पिचरकडे पाठ करून वाक, प्लेट सावकाश झाड आणि झाडता झाडता हळूच सांग, "आता बास, पुढचं ऐकून घेणार नाही." कुणाला दिसत नाही, पोराची इज्जत राहते आणि आमच्या अर्ध्या भानगडी तिथंच मिटतात.

दोन गोष्टींत मात्र दया नको. रनरनं मुद्दाम, इजा होईल असं कॅचरच्या अंगावर आदळणं : बॉल लगेच डेड, आधीच स्कोअर झाला नसेल तर रनर आउट, आणि गेममधून बाहेर. कॅचरनं वाट अडवली होती का ते नंतर, आधी हे. दुसरं, पिचरनं बॅटरच्या अंगावर मुद्दाम टाकलेला बॉल. खात्री असेल तर काढ, शंका असेल तर वॉर्निंग दे.

काढल्यावर तिथून निघून जा, शेवटचा शब्द त्याला घेऊ दे, कोचला बाजूला न्यायचं काम पार्टनरचं (दुसऱ्या अंपायरचं). रिपोर्ट त्याच रात्री लिही : इनिंग, स्कोअर, काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक), कोण कुठं उभं होतं, नेमके शब्द कुठले. शिवी जशीच्या तशी लिहायची, "अपशब्द वापरले" असं मोघम लिहिलंस तर असोसिएशनला काही ठरवता येत नाही. "उद्धट", "माजोरडा" अशी विशेषणं काढून टाक, आणि पाठवायच्या आधी पार्टनरला वाचायला दे.