सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पंधरा वर्षांची मुलगी दुखण्याने रडते. पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीत आहे, साताऱ्यात राहता, आणि गेलं वर्षभर तिचे गुडघे, मनगटं, पाठ अधूनमधून असह्य दुखतात. चार-पाच दिवस अंथरुणात, मग पुन्हा बरी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. एका डॉक्टरांनी 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून दिलं, आणि घरात आजी म्हणतात, दहावीचं टेन्शन आहे, दुसरं काही नाही.

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण दुखणारी पोरं रोज हाताखालून जातात, त्यावरून सांगते.

'वाढीचं दुखणं' पंधराव्या वर्षाला लावू नका. ते साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांचं. संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्या दुखतात, आई तेल लावून चोळते, पोर झोपतं आणि सकाळी उड्या मारत शाळेला जातं. त्यात सांधा दुखत नाही, सुजत नाही, शाळा बुडत नाही. तुमच्या मुलीचं वर्णन यात कुठंच बसत नाही.

आता फाईल जरा बाजूला ठेवा आणि दुखणं दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त असतं ते बघा. माझ्या मते निदानाची निम्मी वाट तिथंच सापडते, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. ओपीडीत गर्दी असते, आई 'सारखं दुखतंय' म्हणते, डॉक्टर 'कुठं?' विचारतात, 'कधी?' राहून जातं.

तासगावकडचा एक नववीतला मुलगा माझ्याकडे यायचा. तक्रार टाचेची आणि कमरेची. सोबत आलेले चुलते वैतागलेले: "मॅडम, संध्याकाळी कबड्डी खेळतंय, आणि सकाळी शाळेचं नाव काढलं की लंगडतंय. नाटकं न्हाईत तर काय?" त्यांना मी घरी सकाळी काय होतं ते नीट सांगायला लावलं. उठल्यावर तो पावलाच्या कडेवर चालायचा, टाच टेकवायचा नाही. जिना उतरताना कठडा धरून तिरका, एकेक पायरी. आंघोळीचं गरम पाणी अंगावर घेतलं की जरा सुटायचा, आणि शाळेची गाडी निघून गेल्यावर तासाभराने चांगला चालायचा. टाचेमागे, जिथं शीर हाडाला चिकटते तिथं अंगठ्याने दाबलं, तर पोराने पाय झटकन ओढून घेतला. वडिलांचीही कंबर तरुणपणापासून सकाळी धरते, पण घरच्यांनी तो दोष ट्रॅक्टरला दिलेला.

बसून, झोपून वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं हे सुजेच्या संधिवाताचं लक्षण असतं. चुलत्यांना जो नाटकाचा पुरावा वाटत होता, तोच खरा आजाराचा पुरावा होता. त्याला पुढे संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कमरेच्या सांध्याचा एमआरआय झाला आणि औषध सुरू झालं. सांगायचा मुद्दा असा की त्याचे ईएसआर, सीआरपी हे सुजेचे रिपोर्ट नॉर्मल होते. या प्रकारात तसं होऊ शकतं. आणि आरए फॅक्टर नावाची संधिवाताची रक्ततपासणी असते, तिच्याबद्दल 'आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही' हे जे लॅबच्या काउंटरवरसुद्धा सांगतात, ते मुलांच्या बाबतीत चूक आहे. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेल्या आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या संधिवातात बहुतेक मुलांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो. उलट एचएलए-बी२७, म्हणजे अशा कमरेच्या संधिवाताशी जोडलेला अनुवंशिक गुण, पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरायचंही कारण नाही, धडधाकट माणसांतही तो सापडतो. रिपोर्ट पुरावा भक्कम करतात, निदान मात्र सांधा हातात धरून तपासल्यावर होतं.

याच्या उलटं दुखणं म्हणजे पळाल्यावर वाढणारं, विश्रांतीने बसणारं. तुमच्या जिल्ह्यात हे मी सांगायला नको. अपशिंग्यासारखी घराघरात फौजी असलेली गावं, पहाटे रस्त्याने पळणारी पोरं, भरतीचं वय व्हायच्या आधीपासून तयारी. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी सुरू होते तिथं टेंगूळ येतं आणि दाबलं की ठणकतं, ते बहुधा ऑसगुड-श्लॅटर. उंची झपाट्याने वाढत असताना मांडीचा स्नायू तिथलं कोवळं हाड ओढत राहतो. पळणं कमी करून, मांडीला ताण देणारे व्यायाम करून आणि उंची वाढायची थांबल्यावर ते बसतं. त्यासाठी कुणी गुडघ्यात इंजेक्शन देतो म्हणाला तर नको म्हणा. तुमच्या मुलीला मनगटंही दुखतात, म्हणून यात मी फार रमत नाही.

एक गोष्ट मात्र घरीच करून बघा. तिचा हाताचा अंगठा मनगटाकडे वळवला तर हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का? करंगळी मागे नव्वद अंशांच्या पलीकडे जाते का? कोपर आणि गुडघा सरळ केल्यावर उलट्या बाजूला वाकतो का? गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला टेकतात का? डावं-उजवं धरून असे नऊ गुण मोजतात, जितके जास्त गुण तितके सांधे सैल. लहानपणी कौतुक झालेलं असतं, 'काय लवचिक अंग आहे!', भरतनाट्यमला घातलेलं असतं. अशा सैल सांध्यांना धरून ठेवायचं सगळं काम स्नायूंवर पडतं, ते थकतात, आणि एखादा दिवस जास्त झाला की पुढचे दोन-तीन दिवस अंग मोडून येतं. सराव परीक्षेच्या आठवड्यात तीन-तीन तास पेपर लिहिला की मनगट आणि अंगठा गेलाच. इथं रक्तात काहीही सापडत नाही. उपाय कंटाळवाणा आहे, स्नायू बळकट करणं, आठवड्यांनी नाही तर महिन्यांनी. जाड पकडीचं पेन आणि दर अर्ध्या तासाने हात सोडणं, एवढ्यानेही लिहिण्यात फरक पडतो.

आजींच्या टेन्शनबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य असतं आणि ते फार वाईट रीतीने बोललं जातं. काही मुलांत, मुलींत जास्त, सगळं अंग दुखतं, झोप लागत नाही, सकाळी उठल्यावरही थकवा, नुसता हात लावला तरी दुखतं, आणि सांध्यात सूज नसते. मेंदू आणि नसा दुखण्याचा निरोप वाढवून पोचवतात. जत्रेत माइकपाशी माणूस हळू बोलतो आणि शिवारभर ऐकू जातं, तसं. सुरुवात एखाद्या तापाने, मुरगळण्याने होते, चिकुनगुनियानंतर तर महिनोन्महिने सांधे धरलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. पुढे अपुरी झोप, काळजी, हालचाल बंद होणं या गोष्टी ते टिकवून धरतात. पण दुखणं खरं असतं. 'मनाचं आहे' म्हटलं की पोर दोन गोष्टी शिकतं, एक, सांगून उपयोग नाही, आणि दोन, पटवून द्यायचं तर अजून मोठ्याने रडायला लागेल. यावर पेनकिलरचा डोस वाढवून काही होत नाही. रोज थोडा चालण्याचा, पोहण्याचा व्यायाम, ठरलेल्या वेळी झोप, अर्धा दिवस का होईना पण शाळा, आणि दुखण्याशी कसं वागायचं हे शिकवणारा समुपदेशक, याने मुलं सावरतात. मी बघितलीत.

हे निदान मात्र सूज, संसर्ग आणि रक्ताचे आजार बघून झाल्यावरच करायचं.

आता ज्यासाठी थांबायचं नाही ते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप, वजन उतरणं, चेहरा पांढरा पडणं, अंगावर काळे-निळे डाग, मानेत किंवा काखेत गाठी, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे. रक्ताचा कर्करोग मुलांमध्ये कधीकधी हाडांच्या दुखण्यानेच सुरू होतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिच्याबरोबर पेरिफेरल स्मिअर, म्हणजे रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, मागून घ्या. मुलगी म्हणून आणखी एक बघा. उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, तोंडात फोड, केस मूठभर गळणं, लघवीला फेस. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते तो आजार, या वयाच्या मुलींत दिसतो, आणि तेव्हा एएनए ही रक्ततपासणी आणि लघवीची तपासणी लागते. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा सुजला, तो बसला की दुसरा, असं झालं असेल तर संधिज्वर, आणि त्यात हृदयाची इको तपासणी करायची असते, कारण झडपा खराब होऊ शकतात. मात्र रक्ततपासणीत नुसता एएसओ वाढलाय म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलीन टोचून घेणारी मुलंही मी बघितलीत. एएसओ एवढंच सांगतो की घशाचा तो जंतू कधीतरी येऊन गेला.

आणखी एक, तुमचं मूळ गाव विदर्भाकडचं किंवा नंदुरबार भागातलं असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या अनुवंशिक आजाराची तपासणी करा. चार-पाच दिवस असह्य दुखून मधे अगदी बरं वाटणं त्यात होतं, थंडीने, पाणी कमी प्यायल्याने कळा येतात. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, म्हणूनच तो कुणाच्या लक्षात येत नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल विचारलं नाहीत, पण विचारणार. कमी असेल तर घ्या, त्याने हाडं आणि स्नायू दुखतात हे खरं. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मेडिकलवाल्याकडून दर वेळी नवा कोर्स घेऊ नका, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. आणि सांधा सुजलेला असेल तर ते दुखणं एकट्या ड जीवनसत्त्वावर ढकलू नका.

दुसऱ्या पुड्यांबद्दल मी जास्त कडक आहे. 'अमक्या गावचा वैद्य वातावर औषध देतो, दोन दिवसांत पोरगी चालायला लागली', हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन दिवसांत जादू करणाऱ्या नाव नसलेल्या गोळ्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं. दुखणं दबतं, चेहरा गोल होतो, उंची खुंटते. सगळ्यात वाईट म्हणजे आत कर्करोग असेल तर तोही काही काळ झाकला जातो आणि निदान हातातून निसटतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, पण निदानाआधी नको. निर्गुडीचा शेक, तिळाचं तेल, गरम पाणी, यांना माझी काही हरकत नाही. सुजून लाल झालेला सांधा मात्र चोळू नका.

जायचं कुठं? आधी साताऱ्यातलेच बालरोगतज्ज्ञ, पण वेळ घेऊन, गर्दीच्या सोमवारी नको. आमच्याकडे कुणालाही काही झालं की 'मिरजेला दाखवा' म्हणतात, मिरजेची ती ख्याती जुनीच आहे. पण सांध्याचा आजार वाटला तर तुम्हाला पुणं सोयीचं पडेल, तिथं मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ आहेत. संधिवात ठरलाच तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट-लॅम्प या यंत्रावर डोळे तपासून घ्या, डोळा लाल न होताही आतून सुजू शकतो. आणि मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध लिहून दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घरातल्या एकाच माणसाने ते द्यावं, चुकून रोज दिलं गेलं तर जीवावर बेततं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. तपासण्या तुम्ही मुलगी बरी झाल्यावर केल्यात, परीक्षा संपल्यावर सवडीने. सूज उतरलेल्या सांध्यात डॉक्टरांना काय दिसणार? पुढच्या वेळी दुखायला लागलं की मोबाइलवर दोन्ही गुडघ्यांचे आणि मनगटांचे शेजारी-शेजारी फोटो काढा, तारीख येईल असे. सकाळी उठल्यापासून मोकळं व्हायला किती वेळ लागला ते वहीत लिहा, ताप मोजून लिहा, पाळीची तारीख लिहा. पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, फक्त वेळ टिपून ठेवा. आणि त्याच दोन-तीन दिवसांत, ती लंगडत असतानाच, शाळा बुडवून दवाखान्यात न्या. सीबीसी, ईएसआर, सीआरपी तेव्हाच पुन्हा करा. सकाळच्या ताठरपणाचं काय दिसतं ते इथं खाली लिहिलंत तर मला पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.