पूल हिरवाच राहतोय, गोळ्या कितीही टाका

प्रश्न: नमस्कार काका. कर्जतजवळ आमचं छोटं फार्महाऊस आहे, त्यात ८ बाय ४ मीटरचा पूल, खोली सरासरी सव्वा मीटर. तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी पाणी अगदी काचेसारखं होतं पण आता दिवाळीपासून शेवाळ जायचं नाव घेत नाही. आठवड्याला २ गोळ्या टाकतो, त्या २०० ग्रॅमच्या पांढऱ्या वड्या. किट लावलं की क्लोरीन ३ दाखवतं, तरी भिंतीला हात लावला की बुळबुळीत. शेवाळ मारायच्या औषधाच्या ३ बाटल्या संपल्या. दुकानदार म्हणतो गोळ्या वाढवा. पावसाळ्यात आम्ही ताडपत्री घालून पूल बंद ठेवतो. काय चुकतंय?

उत्तर: ताई, गोळ्या वाढवू नका, उलट आजपासून बंदच करा. ऐकायला विचित्र वाटेल पण तुमचा पूल गोळ्यांनीच आजारी पडलाय. ती वडी म्हणजे टीसीसीए नावाचं रसायन, आणि त्यात नुसतं क्लोरीन नसतं, सोबत सायन्युरिक अ‍ॅसिड असतं, आमच्या धंद्यात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, म्हणजे थोडं असलं तर चांगलंच, ३० ते ५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात इतके भाग). पण क्लोरीन वापरलं जातं आणि संपतं, हे मात्र संपत नाही, पाण्यात तसंच साठत राहतं. तुमचा पूल झाला ४०,००० लिटरचा. एका वडीमागे पावणेतीन-तीन पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं, आठवड्याला २ म्हणजे साडेपाच, चार-पाच महिन्यांत शंभरी पार, आणि तुम्ही तर तीन वर्षं टाकताय! बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुताना, थोडं जातं, पण थोडंच.

मग किट ३ कसं दाखवतं? एफडीत अडकलेल्या पैशासारखं समजा, पासबुकात दिसतात पण दवाखान्यात गरज पडली तर हातात नाहीत. स्टॅबिलायझरला बांधलेलं क्लोरीनही किट मोजतं, पण शेवाळाला मारायला जे मोकळं लागतं ते नगण्य उरलेलं असतं. साधा हिशोब असा की रोजचं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पुरतं, २०० असेल तर १५ लागेल, आणि आधीच धरलेलं शेवाळ मारायचं तर ४० टक्के, म्हणजे ८०. एवढं कोण टाकणार.

तर आधी स्टॅबिलायझर मोजा. त्याचं वेगळं किट मिळतं, नळीत बघायचं, खालचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. ते बहुतेक १०० पर्यंतच असतं म्हणून पूलचं पाणी अर्धं आणि साधं पाणी अर्धं घ्या आणि आकडा दुप्पट करा.

आणि ते कमी करायचा एकच खात्रीचा उपाय, पाणी बदलणे. समजा २०० निघालं तर ५० वर आणायला पाऊण पूल काढावा लागेल, म्हणजे ३०,००० लिटर, १० हजारवाले ३ टँकर. आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका, पण मे महिन्यात कर्जतच्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या असतात आणि आपण पोहण्यासाठी टँकर मागवायचे हे मला काही पटत नाही. त्यापेक्षा जूनपर्यंत थांबा आणि या वर्षी ताडपत्री घालूच नका! तुमच्याकडे मोसमात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूल सव्वा मीटरचा, पंप रोज चालू ठेवला आणि ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा ठेवला तर जुलैअखेर जुनं पाणी आपोआप बरंचसं वाहून जाईल, तेही फुकट. ताडपत्रीमुळेच ही धुलाई तीन वर्षं झाली नाही. पाण्यात पाला पडेल तो फार्महाऊस सांभाळणाऱ्या मामांना रोज जाळीने काढायला सांगा. तोवर रोज थोडं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) टाका, नाहीतर डासांच्या अळ्या व्हायच्या.

एक मात्र, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करायचा नाही हां, कोणी कितीही सांगो. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाते, तडे जातात.

स्टॅबिलायझर ४०-५० वर आलं की मग खरी साफसफाई. आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचं किट खोटं बोलतं. पावसाचं पाणी मऊ असतं, पीएच जागेवर राहत नसेल तर ३ किलो खायचा सोडा टाका. मग संध्याकाळी ऊन गेल्यावर हायपो. १० टक्केवालं असेल तर साडेसहा लिटरमध्ये क्लोरीन १६ च्या घरात जातं. पण उन्हात पडलेला जुना कॅन निम्म्या ताकदीचासुद्धा नसतो, ताजा घ्या. किटचा रंग एवढं वाचत नाही, म्हणून एक भाग पूलचं पाणी, चार भाग बाटलीचं पाणी, आणि येईल त्या आकड्याला पाचने गुणायचं. पंप रात्रंदिवस चालू. क्लोरीन उतरलं की परत १६ वर न्यायचं, आणि ब्रश मारायचा, सगळीकडे, शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, लाइटच्या खोबणीत (मेन स्विच बंद करून). लोक इथेच कंटाळा करतात आणि शेवाळ तिथूनच परत येतं. पाणी हिरव्याचं दुधट झालं म्हणजे मेलं, आता फिल्टरचं काम. प्रेशर पावपट चढलं की बॅकवॉश.

थांबायचं कधी? पाणी स्वच्छ दिसलं म्हणून नाही. अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, पहाटे सूर्य यायच्या आत परत मोजा, रात्रीतून १ पेक्षा जास्त उतरलं असेल तर अजून काहीतरी जिवंत आहे, चालू ठेवा. तीन दिवस लागतील, आठवडाही लागेल. तोवर कोणी उतरायचं नाही. आणि गोळी आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मगात कधीच नाही, भडका उडतो. अ‍ॅसिड आणि हायपोही एकत्र नाही, विषारी गॅस होतो. केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी नाही, हे मामांना समोर उभं करून सांगा.

प्रश्न: आसगावात (गोवा) भाड्याने द्यायचा व्हिला आहे, टाइल्सच्या फटीत काळे ठिपके, ब्रशने जात नाहीत, पाणी मात्र निळंशार.

उत्तर: दादा, ते काळं शेवाळ. खरंतर जीवाणूंचीच एक जात आहे, वर चिकट थर असतो आणि मुळं सिमेंटच्या फटीत घुसतात, म्हणून नायलॉनचा ब्रश वरून गुदगुल्या करतो फक्त. स्टीलचा ब्रश घ्या (फायबरचा पूल असेल तर नको, ओरखडे पडतात), वरचा थर फोडा, आणि वर सांगितलंय तसं क्लोरीन चढवून ठेवा, रोज घासा. पाहुणे असताना होणार नाही, बुकिंग आठवडाभर बंद ठेवावं लागेल. फट पोकळ झाली असेल तर ग्राउट खरवडून नवीन भरा.

प्रश्न: नाशिकला द्राक्षबाग आहे, बोर्डोसाठी (बागेवर फवारायचं बुरशीनाशक) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरात असतंच. पूलमध्ये टाकलं तर चालेल का?

उत्तर: शेवाळ मरतं, खोटं कशाला बोलू, पण तांबं पाण्यातून जात नाही. पीएच वाढला की ते भिंतीवर हिरवट-काळे डाग पाडतं आणि फिकट रंगाच्या केसांवर हिरवट झाक येते. डाग काढायचा खर्च टँकरपेक्षा जास्त येतो. मोरचूद बागेतच राहू द्या.