एन्झाइम टाकल्यावर नक्की काय वाढतं, ते आधी मोजा

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या ज्या भावांनी विचारलंय, की शतावरी आणि हळदीचं घनसत्त्व (सुकवलेला अर्क) काढताना सेल्युलेज-पेक्टिनेज या एन्झाइमांची मिश्र पावडर टाकली तर विक्रेता म्हणतो तसा दीडपट उतारा मिळेल का, किती टाकायची आणि दोन्हीला तीच चालेल का, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी आधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, नंतर वनौषधींच्या अर्कावर काम केलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उतारा वाढेल. प्रश्न आहे तो कशाचा. वनस्पतीच्या पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनची असते. ही एन्झाइमं ती तोडतात आणि आतली द्रव्यं पाण्याला मोकळी होतात. पण तुटलेल्या भिंतीचीही साखर होते आणि तीसुद्धा पाण्यात उतरते. ब्रिक्स, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन द्रव्याचं प्रमाण, चढलेला दिसतो, सुकवल्यावर वजनही भरतं. शिवाय अशा पावडरीत भर म्हणून बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, त्याचंही वजन तुमच्याच घनसत्त्वात जमा होतं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला ब्रिक्स आणि शुद्धता (विरघळलेल्यात खरी साखर किती) यांतला फरक वेगळा सांगायला नको. इथेही तोच हिशोब आहे: एकूण वजन वाढून औषधी द्रव्याची टक्केवारी खाली आलेली असू शकते.

म्हणून मोठं पिंप घेण्याआधी एकाच लॉटच्या भरडीची तीन भांडी लावा. एकात एन्झाइम नाही, दुसऱ्यात एन्झाइम, तिसऱ्यात उकळून मारलेलं एन्झाइम, म्हणजे पावडरीच्या स्वतःच्या वजनाने किती भर पडते ते कळेल. पाणी, पीएच, तापमान आणि वेळ तिन्हींना अगदी सारखं. बऱ्याचदा निम्मा फायदा नुसत्या कोमट पाण्यात जास्त वेळ भिजवल्याचाच असतो, आणि श्रेय पावडरीला जातं. तिन्ही नमुने एचपीएलसीला, म्हणजे एकेक द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला, पाठवा. हळदीला कुरक्युमिनॉइड्स (कुरक्युमिन आणि त्याची भावंडं), शतावरीला शतावरिन (तिचं मुख्य सॅपोनिन) मोजून मागा. खर्च होतो, पण न मोजता पावडर घेत राहण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

शतावरीसाठी सुरुवात अशी करा: कोरड्या भरडीच्या दहापट पाणी, पीएच ४.५ ते ५, तापमान ४५ ते ५० अंश, एन्झाइम भरडीच्या १ टक्क्याच्या आसपास, वेळ २ तास. टक्का हा फक्त अंदाज धरा. पाकिटावर अ‍ॅक्टिव्हिटीची, म्हणजे एन्झाइमच्या ताकदीची, युनिटं लिहिलेली नसतील तर तो माल घेऊच नका. ६० अंशांच्या वर गेलात तर अशी बहुतेक एन्झाइमं निकामी होतात. रात्रभर कोमट ठेवलंत तर अर्क आंबतो. काम झालं की ८५-९० अंशांवर १० मिनिटं तापवून एन्झाइम मारायचं, मग गाळायचं. बोअरचं जड पाणी पीएच वर ओढतं, त्यामुळे सायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच मीटरवर बघत जा.

शतावरीत एक मोठा धोका आहे, आणि विक्रेते त्यावर बोलत नाहीत. तिची सॅपोनिनं, म्हणजे तिची मुख्य औषधी द्रव्यं, ग्लायकोसाइड आहेत, म्हणजे त्यांना साखर जोडलेली असते. बाजारातल्या सेल्युलेजमध्ये बीटा-ग्लुकोसिडेजही असतं, आणि ते ही साखर तोडू शकतं. मग ज्या द्रव्यासाठी सगळा खटाटोप केला, त्याचंच रूप बदलतं. ब्राह्मीतल्या बॅकोसाइड्स या सॅपोनिनांनाही हाच धोका. म्हणून वेळ वाढवायच्या मोहात पडू नका. १ तास आणि २ तास, दोन्हींचे नमुने तपासा.

हळदीचं गणित पूर्ण वेगळं आहे. आपल्याकडे हळद शिजवून वाळवतात; शिजताना स्टार्चचा चिकट गर होतो आणि कुरक्युमिन त्यात अडकतं. तिथे अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम लागतं, कारखान्यात रसातलं स्टार्च तोडायला घालतात त्या जातीचं, पण खाद्य दर्जाचं. त्याचा पीएच बहुधा ६ च्या आसपास असतो, तापमान पाकिटावर बघा. आणि हे नीट लक्षात घ्या: कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एन्झाइम देऊन गाळलेलं पाणी सुकवलंत आणि चोथा उकिरड्यावर टाकलात, तर कुरक्युमिन उकिरड्यावर गेलं. चोथाच वाळवायचा आणि इथेनॉलमध्ये काढायचा. त्याला अबकारी परवाना लागतो आणि आगीची काळजीही.

हिरड्याला ही पावडर देऊ नका. त्यातली टॅनिनं प्रथिनांना धरतात, एन्झाइम स्वतःच प्रथिन असल्यामुळे निकामी होतं. अर्जुनसालीचंही तेच.

पावडर उघडताना मास्क लावा, कामगारांनाही द्या. एन्झाइमची धूळ श्वासात गेली तर दमा जडू शकतो; कुणाला शिंका-खोकला सुरू झाला तर त्याला त्या कामावरून लगेच हलवा.

मी एवढं अडून बसतो ते मुळांसाठी. नीट केलेली प्रक्रिया तेवढ्याच शतावरीतून जास्त द्रव्य देते, म्हणजे खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात खोदाई कमी. तिथलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून आलेला माल तर घेऊच नका. लागवडीची मुळं घ्या. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका. तीन भांड्यांचे आकडे आले की इथे टाका, आणि सोबत पाकिटावरची युनिटंही. मग तुमच्या भरडीला किती एन्झाइम लागेल ते काढून देतो.