‘मानधन’ म्हणजे पगारच ना?

प्रश्न असा आहे: अंगणवाडी सेविकांच्या आंदोलनाच्या बातमीत एका ओळीत ‘मानधनवाढ’ असतं, दुसऱ्या ओळीत ‘वेतन थकलं’ असतं आणि मोर्चातल्या फलकावर ‘मानधन नको, वेतन द्या’. मग हे शब्द समानार्थी की विरुद्धार्थी? आणि ‘मानधनावर नोकरी’ हा प्रयोग बरोबर आहे का?

समानार्थी नाहीत. फलक रंगवणाऱ्या बाईंना हे बातमी लिहिणाऱ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

‘मानधन’ संस्कृतात जुना आहे, पण पैशाचं नाव म्हणून नव्हे. तिथे तो माणसाचं विशेषण आहे. मान हेच ज्याचं धन तो मानधन, असा बहुव्रीही. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त पहिल्याच सर्गात वनेचर हेर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या योद्ध्यांची खबर देतो: ‘महौजसो मानधना धनार्चिता धनुर्भृतः’. योद्धे मानी आहेत आणि धन्यानं त्यांना धन देऊन गौरवलेलंही आहे. दोन विशेषणं शेजारी शेजारी, पण वेगळी. मान त्यांचा स्वतःचा; धन दुर्योधनानं मोजलेलं. मान आहे म्हणून धनात काटछाट, असा हिशेब दुर्योधनानंही केलेला दिसत नाही!

मराठीत या समासाची फोड बदलली. मानापोटी दिलेलं धन, असा तत्पुरुष झाला आणि ‘ऑनरेरिअम’चा प्रतिशब्द म्हणून तो सरकारी कागदांत रुळला. व्याख्यात्याला, परीक्षकाला, दिवाळी अंकाच्या लेखकाला आपण मानधन देतो, तिथे तो चपखल बसतो. माणूस एकदा येतो, त्याचं पोट त्यावर अवलंबून नसतं, रकमेवरून घासाघीस करणं दोघांनाही अवघड वाटतं. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना देतं तेही मानधनच, आणि तिथेही शब्दाला नाव ठेवायला जागा नाही. बदल्यात काम मागितलेलं नसतं.

‘वेतना’ची जात वेगळी. पाणिनीचं सूत्रच आहे: ‘वेतनादिभ्यो जीवति’. वेतनावर जगतो तो वैतनिक. म्हणजे जगण्याशी असलेलं नातं शब्दाच्या व्याकरणातच आलं. ‘पगार’ तर पोर्तुगीज क्रियापद, अर्थ पैसे चुकते करणं. जे चुकतं करायचं ते देणं असतं, आणि देणं थकलं तर दारात उभं राहून मागता येतं. मानधन मागायला गेलं की मागणाराच ओशाळा होतो. फरक आहे तो इथे.

शब्द कोणाच्या संगतीत वावरतात तेही पाहा. पगारवाढ, पगारदार, भरपगारी रजा, बिनपगारी रजा. वेतनश्रेणी, वेतन आयोग, निवृत्तिवेतन. यातल्या प्रत्येक जोडशब्दामागे एखादा नियम किंवा हक्क उभा आहे. आता ‘निवृत्तिमानधन’ किंवा ‘मानधन आयोग’ म्हणून बघा. जीभ अडखळते. सेविकांना रजा नसते असं नाही, पण ‘भरमानधनी रजा’ हा शब्द काही कोणी केला नाही. मानधनाला चिकटलेले शब्द थोडेच: ‘वाढ’, ‘थकीत’ आणि जाहिरातीतलं ‘मानधन तत्त्वावर पदे भरणे आहेत’. (यातलं तत्त्व कोणतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.) क्रियापदाकडे आलं की मात्र सोंग उघडं पडतं. संपाच्या दिवसांचं मानधन ‘कापलं’ जातं. व्याख्यात्याचं मानधन कोणी कापत नाही. कापतात तो पगार.

खुद्द सरकारच्या नियमपुस्तकात ‘ऑनरेरिअम’ कशाला म्हणतात? केंद्राच्या मूलभूत नियमांतल्या ९(९) मध्ये व्याख्या आहे: सरकारी कर्मचाऱ्याला प्रासंगिक किंवा अधूनमधून कराव्या लागणाऱ्या खास कामाबद्दल दिलेला मोबदला. एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ रोजी. मुलांची वजनं घेणं, पोषण आहार वाटणं, गरोदर बायकांच्या नोंदी, वहीतलं पुन्हा मोबाइलवर भरणं, हे त्यानंतर आठवड्यातला एक वार सोडून रोज चाललेलं काम. त्याला प्रासंगिक म्हणायचं तर प्रसंग फारच लांबला.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, कारण पैसा कोणत्या नावानं निघतो त्यावर तो कसा वाढतो हे ठरतं. वेतन हा सरकारचा बांधील खर्च असतो. त्याला महागाई भत्ता लागतो, वेतन आयोग लागतो. मानधन योजनेच्या पैशातून येतं आणि घोषणेनं वाढतं. सेविकेचं केंद्राच्या निकषानुसारचं मानधन १ ऑक्टोबर २०१८ पासून ३००० रुपयांवरून ४५०० झालं; त्यावर राज्यं आपापली भर घालतात. ‘आशा’ म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, त्यांचं आणखी निराळं. त्यांच्या कागदात कामागणिक ‘मोबदला’ असतो, प्रसूतीसाठी बाईला दवाखान्यात नेलं तर इतके, लसीकरणाचे तितके. ‘मोबदला’ म्हणजे अदलाबदल, निदान शब्द तरी प्रामाणिक आहे.

मानधनाचं गोत्रही ठरलेलं दिसतं. सेविका, स्वयंसेविका, शिक्षणसेवक, ग्राम रोजगार सेवक: नावात ‘सेवा’ आली की मागून मानधन आलंच. ‘कर्मचारी’ आणि ‘अधिकारी’ वेतन घेतात. आता आमदार तर स्वतःला जनतेचे सेवक म्हणवतात, पण संविधानाच्या १९५व्या अनुच्छेदात त्यांच्यासाठी वेतन आणि भत्ते आहेत, आणि वर त्यांना निवृत्तिवेतनही मिळतं. ज्या पदाला मान आहे त्याला वेतन आणि रोज वही भरणारीला मानधन, ही वाटणी शब्दकोशानं केलेली नाही.

न्यायालयातही हा शब्द गेलेला आहे. २००६ साली कर्नाटकातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सेविका शासकीय पदावर नाहीत असं ठरवलं. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयानं सेविका-मदतनिसांना १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा लागू केला आणि त्यांना मिळणारं मानधन त्या कायद्यापुरतं ‘वेतन’च आहे, असं म्हटलं. गंमत म्हणजे ग्रॅच्युइटीला आपला सरकारी शब्द ‘उपदान’. त्यात तर सरळ ‘दान’च आहे, आणि तरी कायद्यानं तो हक्क झाला. तेव्हा शब्दच सगळं ठरवतो असं म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

बातमी लिहिणाऱ्यानं काय करावं? शासन निर्णयाचा किंवा अंदाजपत्रकाचा हवाला देताना ‘मानधन’ लिहावं, कारण तिथे तेच आहे; ‘वेतन’ लिहिलं तर जे मिळालेलं नाही ते मिळाल्यासारखं वाचकाला वाटेल. ‘वेतन थकलं’ हे म्हणूनच चूक. ‘पगार थकला’ चालेल. गावात लोक ‘अंगणवाडीच्या बाईंचा पगार झाला नाही अजून’ असंच म्हणतात आणि त्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

राहिला ‘मानधनावर नोकरी’चा प्रश्न. बोलताना खुशाल म्हणा. नेमणुकीच्या कागदात मात्र ‘नोकरी’ शब्द सापडायचा नाही. तिथे ‘नियुक्ती’ किंवा ‘सेवा’ असते आणि ती मुद्दाम तशी लिहिलेली असते. त्या कागदाचा उतारा देत असाल तर तो शब्द बदलू नका.