डाएट चालू आहे आणि शनिवारी नवऱ्यासोबत हॉटेलात जेवायला जायचंय. एका रात्रीसाठी डाएट मोडावं का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांत सहा किलो उतरलं, शनिवारी रात्रीचं टेबल नवऱ्याने हौसेने बुक केलंय, आणि तुम्हाला धास्ती आहे की एका जेवणात सगळं पाण्यात जाईल. म्हणून घरूनच खाऊन निघावं आणि तिथे फक्त सूप घ्यावं का, असं विचारताय.

जा. पोटभर जेवा. घरून खाऊन निघू नका आणि सूपवर तर अजिबात भागवू नका.

खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते "फक्त सूप" वाचलं आणि मला सात वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. ती सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.३ आलं. ६.५ पासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबरठ्यावरच होतो. वजन ९१. मधुमेहात वडिलांच्या पायाचा अंगठा गेलेला मी पाहिलाय, त्यामुळे मला कुणी वेगळं घाबरवायची गरज नव्हती. तेव्हा घराघरांत एकच वाद चालायचा, दोनदाच जेवा म्हणणारे दीक्षित की दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. मी दोनदा जेवणाऱ्यांत गेलो. दिवसातून दोनच जेवणं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये भूक लागली तर पाणी नाहीतर पातळ ताक, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवला. मला त्याचा फायदा झाला, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. पाच महिन्यांत अकरा किलो गेले. पुढे जे झालं त्यात त्या पद्धतीचा काडीचाही दोष नाही, ती चूक माझी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. १९९९ साली लग्नानंतर महिन्याभरात आम्ही डोंबिवलीहून जहांगीर आर्ट गॅलरी बघायला गेलो होतो. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत, हे मोठं कारण होतं. बाहेर पडून काळाघोड्याच्या गल्ल्यांतून फिरताना 'त्रिश्ना' लागलं. बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी ते नावाजलेलं आहे. माझी बायको देवबागची, मालवणच्या पुढची. ती दारापाशी थांबली आणि म्हणाली, "कुर्ल्या खायला लोक हॉटेलात जातत?" माझ्या तेव्हाच्या पगारात ते बसणारं नव्हतं. मी म्हटलं, पुढे कधीतरी येऊ. वीस वर्षांत तिने तो विषय काढला नाही, पण ती विसरलीही नव्हती. विसाव्या वाढदिवसाला काय हवं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "तिथे."

गेलो. वेटरने जिवंत खेकडा आणून दाखवला. तिने पाठ, पोट, डेंगे म्हणजे नांग्या नीट बघून मान हलवली, जणू बाजारातच उभी होती. मी काय केलं? ताटं आल्याबरोबर मोबाईलवर ५५ मिनिटांचा गजर लावला आणि तो टेबलावर ठेवला. नान बाजूला सारला. लोणी नको म्हणून माझ्या वाट्याचे तुकडे काकडीच्या कापांवर टेकवून टेकवून खात होतो.

आता ज्यांनी खेकडा खाल्लाय त्यांना माहीत आहे की तो घाईने खाता येत नाही. मधला गाभा फोडायचा, बारीक नळ्या दाताखाली धरून आतलं ओढून घ्यायचं, आणि डेंगे शेवटी ठेवायचे. डेंग्यांतलं मांस सगळ्यात गोड. पाऊण तास झाला तेव्हा ती जेमतेम डेंग्यांपर्यंत आली होती. तिने अडकित्त्यासारख्या त्या लोखंडी चिमट्याने मोठा डेंगा फोडला, कवच अलगद बाजूला केलं, आणि आतला तुकडा अख्खाच्या अख्खा, कुठेही न मोडता बाहेर काढला. मनगटापर्यंत लोणी ओघळलं होतं. तो तुकडा तिने स्वतः खाल्ला नाही, माझ्यापुढे धरला.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "झाली वेळ."

तिने तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. लिंबाच्या पाण्यात हात धुतले. उरलेलं बांधून घेतलं. परतीच्या गाडीत त्या पार्सलचा लसणीचा वास घाटकोपर, ठाणे, पार डोंबिवलीपर्यंत आमच्यासोबत होता आणि आम्ही दोघं गप्प होतो. मला तेव्हा काहीच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं, हे जास्त वाईट. उलट मी खूश होतो. सकाळी काट्यावर उभा राहिलो, वजन चारशे ग्रॅम कमीच. ग्रुपवर फोटो टाकला, लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

त्यावर ती बोलली ती थेट २०२० च्या टाळेबंदीत. कोळंबी सोलत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "वजनाचं काही नाही हो. माझ्या हातात तुकडा होता आणि तुम्ही घड्याळ बघितलंत." बस, एवढंच. परत काढलं नाही.

तुम्हाला वाटेल हा भावनेचा मामला झाला, वजनाचं काय? तेही सांगतो, कारण तिथेही माझ्याकडे पक्का हिशेब आहे.

आम्ही परत गेलो फेब्रुवारी २०२३ मध्ये. या वेळी मोबाईल तिच्या पर्समध्ये दिला. पहिला डेंगा तिने फोडला, तुकडा पुढे केला, मी तिच्या बोटांतूनच खाल्ला. जेवण दोन तास दहा मिनिटं चाललं. तिचे वडील अमावास्येच्या रात्री कंदील घेऊन कर्लीच्या खाडीत कुर्ल्या पकडायला जायचे, आणि ही सात-आठ वर्षांची असताना हट्टाने मागे जाऊन चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली होती, हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. नंतर ओव्हल मैदानाच्या कडेने चालत चर्चगेटला जाऊन के. रुस्तमचं दोन वेफरमधलं आइस्क्रीमही खाल्लं. कसलीही काटछाट केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १.४ किलो जास्त.

इथेच माणसं घाबरतात आणि इथेच तुम्ही घाबरायचं नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.४ किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा जवळजवळ १०,८०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. लोण्यात शंभर ग्रॅमला सुमारे ७२० कॅलरी असतात, म्हणजे रोजच्या जेवणावर वर दीड किलो लोणी. अर्ध्या किलोच्या तीन विटा. असं कोण खाणार एका रात्रीत? खेकड्याच्या मांसात तर चरबी नावालाच असते, शंभर ग्रॅमला शंभराच्या आतच कॅलरी. जे काही होतं ते लोण्यात, नानमध्ये आणि आइस्क्रीममध्ये होतं. सगळं ताणून धरलं तरी माझं जास्तीचं १,५०० कॅलरींच्या वर जात नाही. म्हणजे चरबी दोनशे ग्रॅमच्या आत.

मग बाकीचं वजन कसलं? पाण्याचं. हॉटेलच्या जेवणात मीठ भरपूर, आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. शिवाय डाएटवर असताना यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा कमी झालेला असतो. नान-आइस्क्रीम खाल्लं की तो भरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. पोटातलं न पचलेलं अन्न राहिलंच. मी नेहमीसारखं दोनदा जेवत, नेहमीसारखं चालत राहिलो. शनिवारी रात्री जेवलो होतो, गुरुवारी सकाळी काटा होता तिथे आला. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, रविवारी काट्यावर चढू नका. बुधवार-गुरुवारी बघा. आणि रविवारी उपाशी राहून "भरपाई" करू नका, त्याने संध्याकाळी हात फरसाणाच्या डब्यात जातो.

आता आमच्या सकाळच्या चालण्याच्या ग्रुपातले एक गृहस्थ. नाव लिहीत नाही. ते हे वाचतील, आणि वाचावंच. त्यांचं म्हणणं गेली सहा वर्षं एकच, "दारू सोडलेल्या माणसाला वाढदिवसाला एक पेग द्याल का? मग डाएटवाल्याला एक रात्र कशी देता?" दर वेळी चारचौघांत ते हे म्हणतात, लोक माना डोलावतात, आणि मला तिथल्या तिथे उत्तर सुचत नाही. आज देतो.

दारू सोडता येते, कायमची. माणूस दारूशिवाय ऐंशी वर्षं जगतो. जेवण सोडता येत नाही. उद्याही जेवायचंय, परवाही जेवायचंय, लग्नात, बारशात, तेराव्याला, गणपतीत, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातचं जेवायचंय. जो माणूस फक्त स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या घड्याळावर डाएट पाळू शकतो, त्याला अजून ते पाळता येत नाही. घराबाहेर जेवून दुसऱ्या दिवशी शांतपणे आपल्या ताटावर परत येणं हाच त्यातला अवघड भाग आहे, आणि तो सरावानेच जमतो. त्या गृहस्थांनी गेल्या सहा वर्षांत तीनदा डाएट सोडलंय, तीनदा धरलंय. माझं वजन आज ७९ आहे.

"चीट डे" हा शब्दही मला सहन होत नाही. फसवणूक? कोणाची? आमची आई चाळीस वर्षं श्रावण पाळायची. महिनाभर मासळीचा वासही नाही. पण आषाढ अमावास्येला घरात कुर्ल्यांचं कालवण शिजायचं आणि ती दोनदा भात घ्यायची. तिने श्रावण मोडला असं कुणी म्हटलं नाही. एकादशीला उपास असतो आणि द्वादशीला पारणं असतं, दोन्हीला पंचांगात जागा आहे. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण तोंडावर फेकणारे भेटतील तुम्हाला, पण ती म्हण उपासाच्या नावाखाली साबुदाणा चापणाऱ्यांसाठी आहे. ठरवून, वेळ काढून, आपल्या माणसासोबत बसून जेवणाऱ्यासाठी नाही.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी, ज्या खरं तर आधी लिहायला हव्या होत्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर माझं ऐकून काही करू नका. विशेषतः रात्री जेवायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहू नका, साखर एकदम खाली जाते. डॉक्टरांना विचारा. युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर खेकडा-कोळंबी बेताने, आणि कवचाच्या मासळीची अ‍ॅलर्जी असेल तर चवीलाही नको. एकदा खायला लागलं की थांबता येत नाही, नंतर ओकावंसं वाटतं, स्वतःचा राग येतो असं वारंवार होत असेल, तर ते एका रात्रीच्या जेवणाचं दुखणं नाही, त्यासाठी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. आणि हे मी वर्षातून दोन-तीन रात्रींबद्दल लिहिलंय. दर शनिवारी असं झालं तर वर मांडलेला हिशेब लागू पडत नाही, दोनशे-दोनशे ग्रॅम साठत जातात.

नवऱ्याने हॉटेल कुठलं निवडलंय ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे काय मागवावं हे सांगता येत नाही. एकच आहे, खेकडा मागवणार असाल तर आधी कालनिर्णय बघा. आमच्या सासुरवाडीत अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं मानतात. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार असेल तर सुरमई घ्या, आणि खेकड्यासाठी पंधरा दिवसांनी परत जा.