अल्केर्मेस आणि आपला किरमिजी

प्रश्न असा आहे की इटालियन गोड पदार्थाच्या रेसिपीत 'आल्चरमिस' नावाचं लालभडक लिकर आलंय, त्याचा उच्चार काय करायचा आणि मराठीत त्याला 'आसव' म्हटलं तर चालेल का.

उच्चार अल्केर्मेस, जोर 'केर'वर. इटालियनमध्ये सी-एचच्या पुढे आय (i) किंवा ई (e) हे अक्षर आलं की त्याचा क होतो, कियांती, ब्रुस्केत्ता वगैरे तसेच.

आता खरी मजा. सुरुवातीचा 'अल' अरबी आहे आणि पुढचा शब्द म्हणजे किरमिझ, जो फारसी 'किर्म' म्हणजे किडा यावरून आलाय, आणि हा किर्म आपल्या संस्कृत 'कृमि'चा सख्खा भाऊ! म्हणजे आपण ज्याला किरमिजी रंग म्हणतो तो शब्द फारसी-अरबीकडून मराठीत आला आणि तोच अरबी शब्द तिकडे भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत बाटलीवर जाऊन बसला. इंग्रजीतला क्रिमझनही याच घरचा. भूमध्य भागात एका झुडुपी ओकवर केर्मेस नावाचा किडा असतो, त्याच्या अंड्यांनी भरलेल्या माद्या गोळा करून, वाळवून रंग काढायचे. वाळल्यावर त्या दाण्यांसारख्या दिसायच्या म्हणून कित्येक लोकांना ते बीच वाटायचं. पुढे मेक्सिकोतला निवडुंगावरचा कोचिनील किडा आला, त्यात रंग कितीतरी जास्त, मग केर्मेस मागे पडला. नाव मात्र तेच राहिलं.

हे मुळात औषध. नवव्या शतकातला बगदादचा हकीम इब्न मासवैह याच्या नावावर जे अल्केर्मेस सांगतात त्यात किरमिजासोबत गुलाबपाणी, सफरचंदाचा रस, कस्तुरी, मोत्यांची पूड, सोन्याचा वर्ख असं सगळं होतं, आणि ते पेय नव्हतं, चाटण होतं, हृदयाला बळ द्यायला. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लातल्या डोमिनिकन साधूंची औषधशाळा 1612 मध्ये सगळ्यांसाठी उघडली, तिथल्या फ्रा कोझिमो बुचेल्ली यांची अल्केर्मेसची कृती 1743 सालची. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची, धणे असा मसाला दारूत मुरवतात, वर साखर, गुलाबपाणी आणि रंग.

म्हणूनच 'आसव' नको. आसव-अरिष्टात दारू आंबवताना आपोआप तयार होते, इथे ती आधीच तयार असते आणि मसाले त्यात भिजत घालतात. 'मसाल्याचं गोड लिकर' म्हणा, नाहीतर सरळ अल्केर्मेसच लिहा, मला तेच बरं वाटतं. फक्त लिकर म्हणजे सगळीच दारू असा जो आपल्याकडे सरसकट वापर होतो तो इथे लावू नका, हे गोड आणि सुगंधी असतं.

नुसतं फार कोणी पीत नाही, खरं काम स्वयंपाकघरात. झुप्पा इंग्लेझे करताना स्पंज केक किंवा सावोयार्दी बिस्किटं यात बुडवून कस्टर्डचे थर देतात. पेस्के दोल्ची म्हणजे दोन गोल बिस्किटं क्रीमने चिकटवून, अल्केर्मेसमध्ये बुडवून साखरेत घोळवली की हुबेहूब पीच दिसतात. इटलीतल्या प्रातो शहराच्या मोर्तादेल्ला सॉसेजमध्येसुद्धा घालतात, हे ऐकून मी चाटच पडले होते.

शाकाहारी लोकांनी लेबल नक्की वाचा, ई-120 लिहिलेलं असेल तर रंग किड्याचाच. काही कंपन्या आता दुसरा रंग वापरतात, चवीत फारसा फरक पडत नाही कारण चव मसाल्याची असते.